खाली पडलेल्या चिमट्याची किंमत

हाफकिन हे नाव तुम्ही ऐकलंय का? नांदेडचे असाल तर कानावरून नक्की गेलं असणार. ऑक्टोबर २०२३ आठवा. विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यात १२ नवजात बाळं होती. पुढचे कितीतरी दिवस पेपरात, टीव्हीवर, चहाच्या टपरीवर तोच विषय. औषधं होती की नव्हती, यावर वाद सुरू होता आणि त्या वादात हाफकिन हा शब्द सारखा यायचा. सरकारी दवाखान्यांची औषधखरेदी २०१७ पासून हाफकिन महामंडळाकडे होती, ती काढून नव्या प्राधिकरणाकडे द्यायचं ठरलं होतं, मग मधल्या काळात काय झालं, वगैरे वगैरे.

मी तेव्हा मास कॉमच्या दुसऱ्या वर्षाला होते. खरं सांगते, हाफकिन म्हणजे एखाद्या सरकारी योजनेचं नाव असेल असंच मला वाटलं होतं. नंतर कळलं की महामंडळाच्या आधी एक संस्था आहे, मुंबईत परळला. आणि संस्थेच्या आधी एक माणूस आहे. वाल्देमार हाफकिन. त्याच्यामुळे लाखो लोक प्लेगमधून वाचले, आणि त्याच्यावरच १९ माणसं मारल्याचा ठपका आला.

त्याची गोष्ट तुम्हाला सांगायची आहे, कारण दवाखान्यात काही चुकलं की आपण काय करतो, आणि त्याची किंमत शेवटी कोण भरतं, हे या एका माणसाच्या आयुष्यात अगदी लख्ख दिसतं.

लायब्ररीतला शास्त्रज्ञ

हाफकिनचा जन्म १५ मार्च १८६० चा. गाव ओडेसा, म्हणजे आजच्या युक्रेनमधलं बंदर. तेव्हा ते रशियन साम्राज्यात होतं. घर ज्यू. त्या काळात रशियात ज्यूंच्या वस्त्यांवर जमाव चालून जायचे, घरं लुटायचे, माणसं मारायचे. कॉलेजात शिकणारा हाफकिन वस्तीच्या रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या पोरांच्या गटात होता. मारामारीत जखमी झाला, अटकही झाली. त्याचे प्राध्यापक मेचनिकॉफ यांनी खटपट करून त्याला सोडवलं. पुढे याच मेचनिकॉफना नोबेल मिळालं.

पोरगा हुशार होता, प्राणिशास्त्रात डॉक्टरेट झाली. पण विद्यापीठात पुढे जायचं तर धर्म बदलावा लागेल, असा मामला होता. त्यानं नकार दिला. मग देश सोडला. १८८८ मध्ये जिनिव्हा, १८८९ मध्ये पॅरिस. पॅरिसला लुई पाश्चरच्या संस्थेत जागा मिळाली ती कुठली, तर ग्रंथालयात साहाय्यकाची. डिग्री हातात आणि नोकरी भलतीच, हा अनुभव आपल्यापैकी बऱ्याच जणांना नवा नाही. फरक एवढाच, की हाफकिन दिवसभराचं काम उरकून उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत बसायचा.

तिथं त्यानं कॉलऱ्याची लस तयार केली. १८ जुलै १८९२ ला ती पहिल्यांदा टोचली, स्वतःलाच. ताप आला, उतरला, माणूस ठणठणीत.

आता ही लस खऱ्या साथीत वापरून बघायची होती. लॉर्ड डफरिन तेव्हा पॅरिसमध्ये ब्रिटिश राजदूत होते, त्याआधी ते भारतात व्हाइसरॉय होते. कॉलरा तपासायचा तर भारतात जा, असं त्यांनी सुचवलं. मार्च १८९३ मध्ये हाफकिन कोलकात्याला उतरला. एक लक्षात घ्या. तो इंग्रज नव्हता, वैद्यकीय डॉक्टर नव्हता, आणि ज्यू होता. इंग्रज सरकारच्या वैद्यकीय खात्यात या तिन्ही गोष्टी अनेकांना खुपत होत्या. पुढे काय झालं ते समजून घ्यायला हे उपयोगी पडेल.

कोलकात्याच्या बस्त्यांमध्ये आणि उत्तरेत गावोगाव फिरून दोन-अडीच वर्षांत त्यानं चाळीस हजारांहून जास्त लोकांना टोचलं. सक्ती नव्हती. ज्याला पटेल त्यानं यावं. शेवटी मलेरियानं तोच आडवा पडला आणि परत गेला. बरं वाटल्यावर १८९६ मध्ये पुन्हा आला.

एक खोली, एक कारकून, तीन शिपाई

त्याच वर्षी मुंबईत प्लेग शिरला. सप्टेंबरमध्ये मांडवी भागात पहिले रुग्ण सापडले आणि बघता बघता शहर रिकामं व्हायला लागलं. सरकारनं हाफकिनला मुंबईला पाठवलं. ऑक्टोबरमध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला जागा मिळाली, एक खोली आणि एक व्हरांडा. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या पसाऱ्यात प्लेगवर लस शोधायची होती.

त्याची पद्धत वाचून मला मजा वाटली. मांसाच्या रसात प्लेगचे जंतू वाढवायचे, आणि वर तुपाचे थेंब सोडायचे. हो, आपलं घरचं तूप. त्या तरंगणाऱ्या थेंबांना धरून जंतू खाली लोंबत वाढतात. मग ते उष्णतेनं मारायचे, त्यात थोडं कार्बोलिक ॲसिड घालायचं आणि बाटल्या भरायच्या. तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ ला त्यानं नेहमीप्रमाणे पहिला डोस स्वतःला घेतला, तोही मोठा.

बरोबर दोन महिन्यांनी, १० मार्च १८९७ ला, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. त्याच वर्षी जूनमध्ये चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. शाळेच्या इतिहासात आपण या दोन घटना वाचल्या आहेत. हाफकिन मात्र त्या धड्यात नसतो. सोजीर घरात घुसून लोकांना बाहेर काढत होते, सामान जाळत होते, त्याच दिवसांत हा माणूस भायखळ्याच्या तुरुंगात तयार असलेल्या कैद्यांना लस टोचून, न टोचलेल्यांशी तुलना मांडत होता. टोचलेल्यांमध्ये आजार कमी, मृत्यू कमी. आकडे बघून पुढे सरकायचं, ही त्याची सवय.

लोक घाबरत होते, साहजिकच आहे. टोचल्यावर एक-दोन दिवस ताप यायचा, दंड ठणकायचा. हातावर पोट असलेल्याला दोन दिवसांचा ताप म्हणजे दोन दिवसांची मजुरी गेली. तरी लोक आले. तरुण आगाखानांनी आपला बंगला त्याच्या प्रयोगशाळेसाठी दिला, आणि सगळ्यांसमोर स्वतः टोचून घेतलं. मग त्यांच्या समाजातले हजारो लोक पुढे आले. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. व्हरांड्यातली लस आता गव्हर्नरच्या वाड्यात बनू लागली, आणि देशभर जाऊ लागली.

मलकोवाल

१९०२ मध्ये पंजाबात प्लेग जोरात होता. तिथल्या सरकारनं लाखो लोकांना टोचायची मोहीम आखली आणि परळकडे मागणी केली. मागणी प्रचंड, वेळ कमी. जुन्या पद्धतीनं एवढी लस वेळेत होणं कठीण होतं. हाफकिननं पद्धत बदलली. उत्पादन लवकर होईल अशी नवी रीत घेतली आणि कार्बोलिक ॲसिड वगळलं. उष्णतेनं जंतू मरतातच, मग ॲसिड कशाला, असा त्याचा हिशोब. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतही अशी पद्धत वापरात होती. पण आपल्याकडच्या नियमावलीत कार्बोलिक लिहिलेलं होतं, हेही खरं.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातलं मलकोवाल नावाचं गाव, आज ते पाकिस्तानात आहे. त्या दिवशी गावात १०७ जणांना टोचलं. पाच बाटल्या लागल्या. त्यातल्या एका बाटलीवर क्रमांक होता ५३ एन. या एका बाटलीतून १९ जणांना लस मिळाली.

आठवडाभरानं त्या १९ जणांना धनुर्वात झाला. जबडे आवळले, अंग ताठ झालं. एकोणीसच्या एकोणीस मेले. बाकीच्या चार बाटल्यांमधून टोचलेल्यांना काही झालं नाही.

प्लेग होऊ नये म्हणून हात पुढे केलेली धडधाकट माणसं होती ती. आजारी नव्हतीच.

दोषी सापडला, काम संपलं

चौकशी बसली. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स अध्यक्ष. निष्कर्ष असा निघाला, की बाटली उघडण्याआधीच, म्हणजे परळलाच, तिच्यात धनुर्वाताचे जंतू गेले असावेत. कार्बोलिक वगळलं होतं हे हातात सापडलंच होतं. हाफकिनला पदावरून दूर केलं. १९०४ मध्ये त्याला भारत सोडून जावं लागलं.

पण चौकशीच्या कागदांत आणखी एक गोष्ट नोंदलेली होती. मलकोवालला ती बाटली उघडताना बूच काढायचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला. त्यानं तो उचलला, कार्बोलिकच्या पाण्यात हलवला आणि त्यानंच बूच काढलं. नियम असा होता, की चिमटा स्पिरिटच्या दिव्याच्या ज्योतीवर धरायचा. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, शेणात असतात. नुसत्या बुडवण्यानं त्यांचे कठीण कवचातले बीजाणू मरत नाहीत. शिवाय बाटली उघडताना तिला घाण वास नव्हता, असं तिथल्या डॉक्टरनं सांगितलं होतं. बाटली ४१ दिवस जुनी होती. जंतू परळपासून आत वाढत असते तर वास यायला हवा होता.

एवढं सगळं समोर असूनही माप एकाच माणसाच्या पदरात पडलं.

आता नांदेडकडे परत या. मी दोन्ही घटना सारख्या म्हणत नाही. विष्णुपुरीच्या त्या मृत्यूंची कारणं वेगवेगळी सांगितली गेली, औषधं पुरेशी होती असं प्रशासनानं सांगितलं, उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. मला आठवतो तो त्या आठवड्यातला व्हिडिओ. एका खासदारानं अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन शौचालय साफ करायला लावलं, आणि तो व्हिडिओ आपल्या सगळ्यांच्या फोनमध्ये आला. मीही फॉरवर्ड केला होता, खोटं कशाला बोलू. बरं वाटलं होतं, कोणीतरी सापडलं म्हणून. मंजूर खाटांपेक्षा कितीतरी जास्त रुग्ण का होते, नर्सिंगच्या जागा भरलेल्या आहेत का, औषध मागवल्यापासून वॉर्डात यायला किती दिवस लागतात, हे विचारायचं सुचलं नाही. त्या प्रश्नांचा व्हिडिओ होत नाही ना.

बिलात न दिसणारी ओळ

मलकोवालची किंमत किती? १९ जीव, हे तर पहिलं. पण हिशोब तिथं थांबला नाही. बातमी पसरली आणि पंजाबात लोक टोचून घ्यायला येईनात. लाखोंची मोहीम कोसळली. प्लेग मात्र थांबला नव्हता. १९०७ हे सगळ्यात वाईट वर्ष निघालं, त्या एका वर्षात भारतात प्लेगनं बारा लाखांहून जास्त माणसं गेली आणि त्यात पंजाबचा वाटा फार मोठा होता. हाफकिनची लस काही रामबाण नव्हती, ती सगळ्यांना वाचवू शकली नसती. पण ती मृत्यू निम्म्यानं किंवा त्याहून जास्त कमी करते, हे तोवर दिसलेलं होतं. टोचून घ्यायला न आलेल्यांपैकी किती वाचले असते, तो आकडा कुठल्याच अहवालात लिहिला गेला नाही.

दवाखान्यातल्या चुकीचं हे असंच असतं. तिची खरी किंमत बिलात नसते.

घरचं उदाहरण देते. गेल्या वर्षी माझ्या मावशीचं सिझेरियन झालं. कुठल्या दवाखान्यात ते महत्त्वाचं नाही. तीन-चार दिवसांत घरी येणार होती, पण टाके पिकले. जंतू दवाखान्यातून गेले की घरून, कोणी सांगू शकलं नाही. चौदा दिवस मुक्काम पडला. काका ऑटो चालवतात, तो ऑटो चौदा दिवस दारात उभा आणि त्याचा हप्ता चालूच. आजी मुखेड तालुक्यातल्या गावाहून आली, ऐन कापूस वेचणीत. वेचायला बाई लावावी लागली, तिची मजुरी वेगळी. महागडी इंजेक्शनं, रोजचं ड्रेसिंग, खोलीचं भाडं. शेवटी आजीनं पाटल्या मोडल्या.

मी ते बिल नीट वाचलं, जर्नालिझमची खोड. प्रत्येक सुईची, प्रत्येक बँडेजची ओळ होती. टाके पिकले म्हणून झालेला खर्च, अशी ओळ कुठेच नव्हती. सगळं उपचारांतच मिसळून गेलेलं. म्हणजे इजा जिला झाली, तिनंच त्या इजेचं बिल भरलं. आणि दवाखान्याच्या वहीत त्याची नोंद उत्पन्न म्हणून झाली.

हे एकट्या मावशीचं नाही. श्रीमंत देशांच्या ओईसीडी संघटनेनं २०१७ मध्ये हिशोब मांडला, तेव्हा त्या देशांत रुग्णालयांच्या एकूण खर्चातला साधारण १५ टक्के खर्च रुग्णांना झालेली इजा निस्तरण्यात जातो असं दिसलं. शंभरातले पंधरा रुपये आपलीच चूक दुरुस्त करायला. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की उपचार घेणाऱ्या दहा रुग्णांमागे एकाला उपचारांतूनच काहीतरी इजा होते, आणि त्यातली निम्म्याहून जास्त इजा टाळता येण्यासारखी असते. आपल्यासारख्या कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत अशा इजांमुळे वर्षाला २६ लाख मृत्यू होतात. चुकीचं औषध, चुकीचा डोस, दवाखान्यातच लागलेला संसर्ग, नको तिथं झालेलं ऑपरेशन, पलंगावरून पडलेला म्हातारा रुग्ण, हे सगळं त्यात येतं.

भरपाई मिळत नाही का? मिळते, कधीकधी. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, तेव्हापासून पैसे देऊन घेतलेले उपचार ग्राहक कायद्यात येतात. पण जिथं सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात, तो दवाखाना त्या कायद्याच्या बाहेर आहे. म्हणजे ज्याच्याकडे पैसे नव्हते म्हणून जो सरकारी दवाखान्यात गेला, त्याला ग्राहक आयोगाचं दार बंद. त्यानं दिवाणी कोर्टात जावं. किनवट किंवा देगलूरच्या एखाद्या वाडीवरचा माणूस किती वर्षं तारखा करणार?

निर्दोष, पण

१९०६ च्या अखेरीस मलकोवालची कागदपत्रं छापून बाहेर आली आणि लंडनमधल्या शास्त्रज्ञांच्या हातात पडली. ती वाचून सगळ्यात जास्त भडकला तो रोनाल्ड रॉस. मलेरिया डासांमुळे पसरतो हे शोधून काढणारा, नोबेल मिळवणारा रॉस. त्यानं तो शोध १८९७ मध्ये सिकंदराबादला लावला होता, म्हणजे निजामाच्या राज्यात. आपलं नांदेड-लातूरही तेव्हा त्याच राज्यात होतं. रॉसनं टाइम्समध्ये पत्रं लिहिली. जुलै १९०७ मध्ये त्याच्यासह दहा नामवंत शास्त्रज्ञांनी सही करून जाहीर सांगितलं, की हाफकिनवरचा आरोप सिद्ध होत नाही. पडलेल्या चिमट्याचा मुद्दा त्यांनी लावून धरला. सरकारला मागे यावं लागलं. वर्ष संपता संपता हाफकिनला पुन्हा भारतात काम देऊ केलं गेलं.

तो आला. पण परळला नाही. परळची प्रयोगशाळा, जी त्यानं व्हरांड्यातून उभी केली होती, ती आता दुसऱ्याच्या हातात होती. त्याला कोलकात्यात बसवलं आणि माणसांवर लशीच्या चाचण्या करायची मोकळीकही दिली नाही. कायम आकड्यांवर आणि चाचण्यांवर जगलेला माणूस, टेबलाशी बसून राहिला. नियम होता तसा १९१४ मध्ये निवृत्त झाला आणि युरोपला गेला. लग्न केलं नव्हतं. शेवटच्या काळात तो धर्माकडे वळला, साठवलेला पैसा ज्यू मुलांच्या शिक्षणासाठी देऊन टाकला. २६ ऑक्टोबर १९३० ला स्वित्झर्लंडमध्ये लोझानला वारला.

त्याआधी १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्याचं नाव दिलं गेलं. तोवर मुंबईतून प्लेगच्या लशीचे २ कोटी ६० लाख डोस बाहेर गेले होते. १९६४ मध्ये भारतानं त्याच्या नावाचं टपाल तिकीट काढलं.

चूक कोणाची होती? मी हे सगळं वाचताना हाच प्रश्न धरून बसले होते. आता वाटतं, तो प्रश्नच अपुरा होता. हाफकिननं घाईत कार्बोलिक वगळलं, ते घातलेलं असतं तर चिमट्यावरच्या मातीला कदाचित आवर बसला असता. मदतनिसानं ज्योत टाळली. पंजाब सरकारला सगळं लगेच हवं होतं. गावात टोचायला रांग लागलेली असणार, उन्हं चढत असणार, प्रत्येक जण आपापल्या जागी जरा घाई करत असणार. प्रत्येकाची चूक छोटी, आणि सगळ्या एका बाटलीत जमा झाल्या. विमान कंपन्या आणि चांगली रुग्णालयं आज याच पद्धतीनं चौकशी करतात. कोण चुकलं हे विचारून थांबत नाहीत, चूक एवढ्या पायऱ्या ओलांडून रुग्णापर्यंत पोचलीच कशी, तेही विचारतात. एकाला काढून टाकणं स्वस्त पडतं. दुसऱ्या दिवशी तोच वॉर्ड, तीच गर्दी, तीच घाई असते, आणि पुढची चूक झाली तर ती सांगायला आता कोणी पुढे येत नाही. नोकरी जाईल ना.

तो मदतनीस मला राहून राहून आठवतो. चिमटा पडला तेव्हा त्याला कळलं नसेल असं नाही, म्हणून तर त्यानं तो कार्बोलिकमध्ये बुडवला. पण दिवा पेटवा, थांबा, असं त्या रांगेसमोर, साहेबासमोर म्हणायला त्याला जमलं नसेल.

१७ सप्टेंबर

१७ सप्टेंबरला आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनाला जातो. २०१९ पासून हाच दिवस जगभर रुग्ण सुरक्षा दिन म्हणूनही पाळला जातो. योगायोग आहे, पण आपल्यासाठी सोयीचा आहे.

कारण तुमच्यातले किती तरी जण आत्ता लातूरच्या क्लासेसमध्ये नीटच्या तयारीला बसले आहेत, एखाद्या खोलीत तिघं-चौघं मिळून. काही जण नर्सिंगला आहेत, काही फार्मसीला, डीएमएलटीला. आणखी पाच-सात वर्षांनी विष्णुपुरीच्या नाहीतर लातूरच्या शासकीय दवाखान्यात रात्रपाळीला तुम्हीच असणार. वॉर्डात गर्दी असेल, एका सिस्टरकडे नको तितके पेशंट असतील, सिनिअर वैतागलेला असेल. आणि तुमच्या हातून काहीतरी खाली पडेल. पडणारच आहे, सगळ्यांच्या हातून पडतं.

तेव्हा सांगा. सगळ्यांसमोर सांगा की हे पडलंय, दुसरं द्या. आणि कोणी ज्युनिअर तसं म्हणाला तर त्याच्यावर ओरडू नका.

आणि तुम्ही बाकीचे, जे माझ्यासारखे बातम्या लिहिणार आहात किंवा नुसतेच वाचणार आणि फॉरवर्ड करणार आहात, तुमच्यासाठी पण एक काम आहे. पुढच्या वेळी दवाखान्यातला असा व्हिडिओ आला, तर तो पुढे ढकलण्याआधी एकदा मनात विचारा, की याच्या आधी कुठे काय पडलं होतं. घरातलं कोणी ॲडमिट असेल तर औषधाचं नाव विचारा, डोस विचारा, हात धुतले का तेही विचारा. जरा वाईटपणा येतो. येऊ द्या.

स्पिरिटच्या दिव्यावर चिमटा धरायला किती वेळ लागतो, मी एका लॅब असिस्टंट मैत्रिणीला विचारलं. ती हसली. तिनं करून दाखवलं. माझ्या फोनमधल्या घड्याळात दहा सेकंदही झाले नव्हते.